खलनायकाच्या चहाचं बटण

गंभीर आणि अत्यंत महत्त्वाची सूचना! कोहमारा चौक आणि आसपासच्या समस्त गावांतील बंधू-भगिनींना, नाट्यरसिकांना, ट्रकवाल्यांना आणि ढाब्यांवर जेवत असलेल्या पाहुण्यांना कळविण्यात येते की, उभा जन्म नाटकाच्या विंगेत बसून प्रॉम्प्टरी केलेला, चष्म्याचा नंबर वाढलेला आणि गुडघे कुरकुरू लागलेला एक इसम आज दुपारी स्वतःच्या हाताने एक बटण बनवण्यात यशस्वी झालेला आहे. बटणावर 'चहा' असे लिहिलेले आहे. बटण दाबले असता काहीही होत नाही. तरी सर्वांनी याची नोंद घ्यावी!

ही सूचना मी माझ्या दुकानात उभा राहून, हातात पेन माइकसारखा धरून दिली. ऐकायला दुकानात कोणी नव्हतं. टेबलावर मोबाइल होता आणि मोबाइलमध्ये पुण्याहून माझी पुतणी.

"काकाजी," ती म्हणाली, "बटण दाबल्यावर काही होत नसेल तर ते बटण नाही. तो फ्लेक्स झाला."

आता फ्लेक्स हा माझा धंदाच आहे. वाढदिवस, तेरवी, दुकानाचं उद्घाटन, नाटक. कोहमाऱ्याच्या चौकात जे जे वाऱ्यावर फडफडत असतं, त्यातलं बरंचसं माझ्या कॉम्प्युटरमधून निघालेलं असतं. त्यामुळे मला राग यायला हवा होता. पण पोरीचं बोलणं खरं होतं, आणि ते बटण कोणासाठी चाललं होतं हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून मी माइक खाली ठेवला आणि खुर्चीत बसलो.

बटण माझ्या मोठ्या भावासाठी होतं. तिच्या बापासाठी.

दर हिवाळ्यात मी दुसराच माणूस होतो. दिवाळी सरली, धान कापून झाले, की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार आणि घरोघरी पाहुणे, रात्री पटांगणात नाटक. आमच्या गावच्या नाटक मंडळाचा प्रॉम्प्टर मी आणि खलनायक आमचा दादा. बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं की आमच्याकडे प्रॉम्प्टर ही काही शोभेची वस्तू नाही. कापणीच्या धांदलीत तालमी होतात मोजक्याच. मग विंगेत बसलेला माणूस संहितेतलं वाक्य दबक्या आवाजात पुढे सरकवतो आणि नट ते झेलून पटांगणाच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत फेकतो. दादानं तर जन्मात एक पान पाठ केलं नाही. तो स्टेजवर यायचा, लोकांकडे डोळे वटारून पाहायचा, मिशीला पीळ द्यायचा आणि थांबायचा. त्या शांततेत बायका पोरांना जवळ ओढून घ्यायच्या. आता हा पापी कोणता कट रचतो म्हणून माणसं श्वास रोखून बसायची. तो काही कट रचत नसे. तो माझ्या वाक्याची वाट पाहत असे.

मग खर्ऱ्यानं, त्या तंबाखू-सुपारीच्या चुऱ्यानं, त्याचा घसा खाल्ला. आमच्या भागात हे वाक्य इतक्या घरांत बोललं जातं की पुढचं कोणी विचारत नाही. नागपूरला ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं. जीव वाचला, आणि गळ्याला गमछा गुंडाळून दादा घरी आला.

पहिले काही दिवस त्यानं हिंमत धरली. डॉक्टरांनी गळ्याला लावायचं एक यंत्र दाखवलं होतं, ते लावून बोललं की आवाज गिरणीतून दळून आल्यासारखा निघायचा. ते त्यानं एकदा वापरलं आणि कपाटात ठेवून दिलं. मग पाटी घेतली. पण पाटीवर वाक्य लिहून होईपर्यंत गप्पा पुढच्या गावाला पोचलेल्या असत. दादा घरात कमी बोलणारा पण नेमका बोलणारा होता. त्याच्या बोलण्याची सगळी गंमत वेळेत होती, आणि पाटीवर वेळ काही लिहिता येत नाही. त्यात भेटायला येणारी माणसं. माणूस मुका झाला म्हणजे त्याला ऐकूही येत नसणार अशी त्यांची पक्की खात्री. जो येई तो त्याच्या कानाशी ओरडे, "दादाजी! बरं हाय का! जेवले का!" गोठ्यातली जनावरं दचकत. दादा डोळे मिटून घेई.

हळूहळू तो मागच्या खोलीत राहायला लागला. धानाच्या पोत्यांशेजारी खाट टाकून, भिंतीकडे तोंड करून. आणि पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत एकदा त्यानं पाटीवर लिहून वहिनीला दाखवलं, की या मंडईला मी गावात राहणार नाही. इकडच्याच प्रतापगडच्या बाजूला साळ्याचं, वहिनीच्या भावाचं, घर आहे, तिथं जाऊन बसेन.

वहिनी ती पाटी हातात धरूनच आमच्या अंगणात आली. "भाऊजी," ती म्हणाली, "एक मंडई चुकवली ना, तं मंग सारेच चुकवतीन हे. मंग मंडईच नाही, लगन नाही, तेरवी नाही. खोलीतच बसतीन. मी कोणासोबत राहू घरात? पोत्यायसोबत?"

 मंडईच्या दिवशी दादाच्या अंगणात पाहुण्यांच्या खाटा लागतात, आणि मधोमध दादा बसतो. हे असं आमच्या बापाच्या काळापासून होतं. ती जागा रिकामी कशी दिसेल, याचा विचार मला करवेना.

पुतणी तेव्हा सुट्टी घेऊन आली होती. ती पुण्यात सॉफ्टवेअरच्या कामावर आहे. कंपन्यांसाठी पडदे बनवते. पडदे म्हणजे मोबाइलवर आपण जे बोटानं सरकवतो, दाबतो, भरतो ते सगळं. तिनं बापाला दोन दिवस पाहिलं आणि मला म्हणाली, "काकाजी, बाबासाठी बटणांचा एक पडदा बनवू. दाबलं की बोलेल. मराठी वाचणारा आवाज मोबाइलमध्ये असतोच." तिनं लगेच ऐकवला. एक बाई होती. स्वच्छ, इस्त्री केलेला आवाज, बातम्या सांगतात तसा: "नमस्कार. मला चहा हवा आहे."

मी ताडकन उभा राहिलो. "हे बाई? खलनायकाच्या तोंडी? मंडळाची काही इज्जत राहील का नाही!"

माझ्याकडे त्याहून भारी माल होता. दादाचा स्वतःचा आवाज. आमच्या नाटकांचं चित्रण लोक मोबाइलवर करत, ते सगळं माझ्या कॉम्प्युटरमध्ये जमा होतं. कोणतं वाक्य कोणत्या अंकात आहे हे मला झोपेत उठवून विचारलं तरी सांगता येतं. त्यातूनच वाक्यं कापायची आणि बटणांमागे बसवायची. भाऊ पुन्हा भावाच्या आवाजात बोलेल.

पुतणीनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "मग तुम्हीच बनवा," ती म्हणाली. "मी शिकवते. मी चालली जाईन, वाक्यं तुमालेच ठाऊक, आणि उद्या बिघडलं तर दुरुस्त कराले घरात कोणी पाहिजे ना?"

अशा रीतीनं, ज्या वयात माणसं रक्तदाबाची गोळी घ्यायला शिकतात, त्या वयात मी कोड शिकायला बसलो. पडद्यावरची बटणं, चौकटी, रकाने बनवायला तयार अवजारांची एक पेटी मिळते. तिला लायब्ररी म्हणतात, पण तिच्यात पुस्तकं नसतात. पुतणी पुण्याला गेली, आणि दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी तिला फोन लावायचा, असं ठरलं.

पहिली बटणं मी फ्लेक्सवाल्याच्या हातानं बनवली. 'चहा' बनवलं, त्याची नक्कल काढली, त्यावर 'पाणी' लिहिलं, आणखी नक्कल, 'जेवण', आणखी नक्कल, 'गाय सुटली'. दिसायला झकास. मग वाटलं, कोपरे गोल करावे. झालं! एकेका बटणाचे कोपरे घासत बसलो, आणि शेवटी 'गाय सुटली' चौकोनीच राहून गेलं.

"तुम्ही एका नटाचे फोटो काढून रांगेत उभे केले, काकाजी," पुतणी हसून म्हणाली. "नट एकच लिहा. कपडे बदला."

याला ते कंपोनंट म्हणतात. बटण कसं दिसेल, दाबल्यावर काय करेल, हे एकदाच लिहायचं. मग जिथं हवं तिथं त्याला बोलवायचं आणि येताना हातात फक्त शब्द आणि आवाज द्यायचा. मला हे चटकन पटलं, कारण आमच्या मंडळात एकच माणूस पहिल्या अंकात हवालदार आणि तिसऱ्या अंकात डॉक्टर असतो. टोपी काढली, पिशवी दिली, झालं. बटणाचं ते पात्र मी एकदा लिहिलं, आणि मग कोपरे सगळ्यांचे एकदम गोल झाले. मी दुकानाबाहेर येऊन चौकाकडे पाहिलं. ट्रक नेहमीसारखे चालले होते. कोणाला काही कळलं नव्हतं.

स्टेट समजायला मात्र दिवस लागले. स्टेट म्हणजे या घटकेला जे खरं आहे ते, एका जागी ठेवलेलं. आता कोणतं बटण दाबलेलं आहे, आता काय लिहिलं आहे, असं. ते बदललं की जिथं जिथं ते दिसत असेल तिथला पडदा स्वतःच नव्यानं रंगतो. तुम्ही ब्रश घेऊन धावायचं नाही. हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं, कारण फ्लेक्सवाल्याचा सगळा संसार याच एका चुकीत बुडतो. मागच्या वर्षीचं डिझाइन उघडायचं, वरची तारीख बदलायची आणि खालची विसरायची. एका नाटकाच्या फ्लेक्सवर माझ्याकडून वर शुक्रवार आणि खाली गुरुवार छापून गेला होता. अर्धं गाव गुरुवारी सतरंज्या घेऊन पटांगणात येऊन बसलं. त्यांना उठवायला मंडळानं मलाच पाठवलं.

पण हे स्टेट मानी निघालं. त्याला परस्पर हात लावून चालत नाही. मी आत जाऊन नोंद बदलून आलो, पडदा जसाच्या तसा. पुन्हा बदलली, पुन्हा तसाच. दुपार गेली. शेवटी पुतणीला कोड दाखवला.

"तुम्ही हातातल्या संहितेत वाक्य खोडलं," ती म्हणाली. "पण स्टेजवरच्या नटाले सांगितलं का?"

नव्हतं सांगितलं. बदल कळवायची एक ठरलेली वाट असते, त्या वाटेनंच कळवावं लागतं. नाहीतर खरं एक असतं, आणि पडद्यावर दुसरंच दिसत राहतं. नाटकवाल्याच्या घरची पोर ती, नेमकं कुठं टोचायचं हे तिला माहीत होतं.

मग माझ्या डोक्यात मोठी कल्पना आली. नुसती बटणं काय कामाची? बोलण्यात भाव पाहिजे. वरच्या बाजूला मी तीन चाव्या बसवल्या: राग, माया, चेष्टा. चावी फिरवली की खालच्या प्रत्येक बटणाचा आवाज बदलणार. रागाच्या वाक्यांना तोटा नव्हता. चेष्टेला खलनायकाचं सातमजली हसू होतं. मायेची मात्र पंचाईत. वर्षानुवर्षांच्या नाटकांत दादाला मायेचं वाक्य एकच मिळालेलं सापडलं. शेवटच्या अंकात मरता मरता तो लेकीला म्हणतो, "पोरी, एवढं पाणी पाज." ते मी 'पाणी'च्या बटणामागे लावलं. बाकीच्यांना जरा सौम्य कट रचतानाची वाक्यं लावली.

पुतणीचा जुना टॅब होता. त्यात सगळं भरून मी एका सकाळी दादाच्या खोलीत गेलो. त्याच्या हातात टॅब दिला, चावी 'माया'वर फिरवली आणि म्हटलं, "दाब. चहा दाब."

त्यानं दाबलं.

"दासी! मद्याचा प्याला भर! नाहीतर या महालाच्या भिंती तुझ्या रक्तानं रंगवीन!"

स्वयंपाकघरात वहिनीच्या हातून सांडशी पडली. गोठ्यात वासरू उठून उभं राहिलं. चूक माझ्या लगेच ध्यानात आली. जुन्या सवयीनं मी भाव प्रत्येक बटणाच्या पोटात वेगवेगळा ठेवला होता. वर 'माया' दिसत होती आणि चहाच्या पोटात राग तसाच बसला होता. वर शुक्रवार, खाली गुरुवार. मला हसू आवरेना. मी मांडीवर थाप मारून हसलो आणि दादाकडे पाहिलं.

तो हसत नव्हता. त्याचा हात गळ्यावरच्या गमछ्याकडे गेला होता. त्यानं टॅब माझ्याकडे सरकवला, हळूच, दुसऱ्याच्या घरचं भांडं परत करताना सांभाळून करतात तसा, आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी समजलो, बिघाडामुळे रागावला. दुरुस्त केलं की होईल. पुतणी म्हणाली, "भाव बटणांत ठेवू नका, सगळ्यांच्या वर एकाच ठिकाणी ठेवा आणि तिथून खाली सोडा." धानाच्या शेतात वरच्या बांधीतलं, वरच्या वाफ्यातलं, पाणी खालच्या बांधीत उतरतं तसं. खालच्या बांधीला वेगळा नळ नसतो. मी सगळं काढून पुन्हा बांधलं, आणि खरोखर, एक चावी फिरवली की सगळी बटणं एकसाथ पलटू लागली. असं सुंदर काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं. मी ते घेऊन गेलो. दादानं पाहिलंही नाही.

बाहेर आलो तर वहिनी सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. म्हणाली, "भाऊजी, रागवू नका. पण हे घरात कधी असे बोलले नाहीत."

"मंग चहा कसा मांगत होते?"

तिनं सूप थांबवलं. म्हणाली, "मांगत कुठं होते. आंगणातून आवाज देत. 'का व, हाय का?' बस. मले समजे."

मी तडक दुकानात आलो. मग मी सगळं चित्रण शोधलं. माझ्याकडचं, मंडळातल्या पोरांकडचं, सोयऱ्यांच्या मोबाइलमधलं. लग्नांत दादा होता, पण बँडच्या मागे. नाटकांत होता, पण माझ्या संहितेतून बोलत. अंगणातून चहा विचारणारा दादा कोणाकडेच नव्हता. चहा मागणाऱ्या माणसाचा आवाज कोण कशाला भरून ठेवेल? उद्या तो पुन्हा मागणारच असतो.

कापणी तोंडावर आली होती. मी पुतणीला सांगितलं, की भाव बरोबर चालतात, सगळं एकदम पलटतं, तरी तो हात लावत नाही.

"बाबाले विचारलं का, त्याले काय बोलाचं आहे ते?"

"प्रॉम्प्टर विचारत नसतो बेटा."

"मग विचारा," ती म्हणाली. "एक रिकामी चौकट द्या. लिहू द्या त्याले."

रिकामी चौकट! यात काय अवघड? मी बनवली, टॅबमध्ये टाकली आणि दादापुढे ठेवली. म्हटलं, "लिही. जे मनात येईल ते."

दादा बराच वेळ पाहत राहिला. मग उठून बसला. चष्मा लावला. एका बोटानं एक अक्षर दाबलं. चौकट कोरी. त्यानं पुन्हा दाबलं. कोरी. त्यानं बोट गमछ्याला पुसून जोरात दाबलं, मग भराभर दाबत गेला, एक पुरं वाक्य दाबलं असेल त्यानं. चौकट कोरीच्या कोरी. मग त्यानं खाटेखालून पाटी ओढली आणि लिहिलं:

'मी लिहितो. तू पुसतो.'

पाटी माझ्या मांडीवर ठेवून तो आडवा झाला.

ते खरंच होतं, शब्दशः. दुकानात जाऊन कोड उघडला तेव्हा दिसलं. चौकटीत काय दिसावं ते मी स्टेटला बांधून टाकलं होतं, आणि स्टेटमध्ये सुरुवातीला काहीच नव्हतं. पण दादानं दाबलेलं अक्षर ऐकायला मी कोणालाच बसवलं नव्हतं. अक्षर येई, कोणी दखल घेत नसे, आणि पडदा माझ्या हुकमाप्रमाणे पुन्हा कोरा होई. वरून खाली पाणी सोडायची वाट मी झकास केली होती. खालून वर हाक जायची वाटच ठेवली नव्हती.

दुरुस्ती एका ओळीची. त्यानं अक्षर दाबलं की स्टेटला कळव, स्टेट बदललं की चौकट तेच दाखवेल. त्या ओळीनंतर मी आणखी दोन गोष्टी केल्या. खाली 'बोल' असं बटण लावलं. आणि 'ठेव' असं दुसरं, म्हणजे लिहिलेलं वाक्य त्याला स्वतःचं बटण करून जपून ठेवता येईल. बटणाचं पात्र तर लिहिलेलं होतंच.

राहिला आवाज. त्याच्या नव्या वाक्यांसाठी माझ्या साठ्यात आवाज कुठून असणार? मी मान खाली घालून त्या बातम्यावाल्या बाईला बोलावणं धाडलं.

वहिनी तेव्हा शेतावर कापणीला होती. दादानं टॅब घेतला, एक अक्षर दाबलं. अक्षर उमटलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं, आणि एकेक अक्षर वेचत गेला. मग 'बोल' दाबलं. बाई अगदी शुद्ध, सभ्य स्वरात म्हणाली:

"पंखा बंद कर गा."

मी उठलो आणि पंखा बंद केला. कित्येक महिन्यांनी माझ्या भावानं मला काम सांगितलं होतं. मला तिथं उभंच राहावं लागलं थोडा वेळ, पंख्याच्या बटणावर हात ठेवून.

"दादा, आवाज बाईचा हाय," मी म्हटलं. "तुझा नाही. तुझाच लावाचा होता मले."

त्यानं बोटानं वेचलं. बाई म्हणाली, "तो आवाज माझा होता. बोलणं तुझं होतं."

मग त्यानं कानात वायर घातली, मला हातानं बाहेर जा म्हटलं आणि दार लावून घेतलं.

पुढचे दिवस तो टॅब घेऊनच असायचा. वहिनी थकून शेतावरून यायची आणि म्हणायची, "व्हिडिओ पाहून राहिले, दुसरं काय." मला दाराच्या फटीतून दिसे. तो लिहायचा, कानात ऐकायचा, मान हलवायचा, एखादा शब्द बदलून पुन्हा ऐकायचा. ज्या माणसानं जन्मात एक पान पाठ केलं नाही, तो तालीम करत होता. पण थैलीही भरलेली होती. धोतर, बंडी, गोळ्यांचा डबा. साळ्याला निरोप गेलेला होता. मंडईच्या सकाळी जीप येणार होती.

मंडईच्या सकाळी अंगणात खाटा लागल्या, कारण वहिनीनं हट्टानं लावल्या. पाहुणे आले. व्याही, मावसभाऊ, कोणाचे जावई. पुतणीही रजा टाकून आली होती. मधली खाट रिकामी होती आणि सगळे तिच्याकडे न पाहण्याचं काम करत होते. वहिनी चहाचा ट्रे घेऊन फिरत होती. एवढ्यात दादा थैली घेऊन बाहेर आला. पायात चपला. काखेत टॅब.

सगळ्यांत जवळचे व्याही चटकन उठले आणि त्याच्या कानाशी जाऊन गरजले, "व्याहीजी! बरे हाव का! चाललेऽऽ का!"

दादानं डोळे मिटले नाहीत. तो थांबला. पाहुण्यांकडे डोळे वटारून पाहिलं. मिशीला पीळ दिला. अंगण चूप झालं. मला सवयीनं घाम फुटला, कारण हीच ती वेळ, जेव्हा वाक्य मी द्यायचं असतं, आणि माझ्या हातात काही नव्हतं.

त्यानं काखेतला टॅब काढला आणि दाबला.

"मी मुका आहो," बातम्यावाली बाई शांतपणे म्हणाली. "बहिरा नाही. हळू बोला, वासरू भेते."

क्षणभर कोणाला कळेना हसावं की काय करावं. मग व्याहीच फसकन हसले आणि अंगण फुटलं. दादा हलला नाही. तो हसू ओसरायची वाट पाहत होता. हसू ओसरू द्यायचं, त्याच्यावर बोलायचं नाही, हे त्याला स्टेजनं शिकवलं होतं. ओसरलं तसं त्यानं थैली खाली ठेवली, मधल्या खाटेवर बसला, चपला काढून खाटेखाली सरकवल्या आणि पाहुण्यांच्या डोक्यांवरून वहिनीकडे पाहिलं. ट्रेमधले कप संपत आले होते. त्यानं आणखी एक बटण दाबलं.

"का व," बाई म्हणाली, "हाय का?"

वहिनीनं हातातला ट्रे तसाच पुढे केला. पुतणीनं तो धरला. वहिनीनं पदर तोंडाला लावला, मग काढला, त्या टॅबकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि सगळ्या पाहुण्यांसमोर तिच्या तोंडून निघून गेलं:

"अवो माय! हे सवत कोठून आनली जी तुमी?"